हरिपूरच्या पेवातला खून: कादंबरीसाठी माहिती हवी आहे

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. नोकरीतून निवृत्त झाल्यावर रहस्यकादंबरी लिहायला घेतली आहे. काळ 1998, जागा सांगलीजवळचं हरिपूर. हळदीचा व्यापारी पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, मेलेला सापडतो. सगळे अपघात समजतात, पण तो खून असतो. 20,000 शब्दांवर गाडं अडलंय. पेवात माणूस नेमका कशाने मरतो आणि डॉक्टरला त्यातलं काय दिसतं? पोलीस कागदोपत्री काय करतात? आणि या वयात हे सगळं रीतसर शिकायचं तर कुठे?

हळदबाजार
1998 घेतलंत ते बरं केलंत. 2005 च्या महापुरात बरीच पेवं गेली आणि माल शीतगृहांत जायला लागला. आजची गोष्ट असती तर पेवच कशाला, हा पहिला प्रश्न आला असता.

आता मुद्द्याचं. नुकतं भरलेलं पेव चालणार नाही. माल तोंडापर्यंत असतो, माणूस खाली उतरतच नाही. अर्धा माल उपसून पुन्हा बंद केलेलं पेव घ्या. तोंड अरुंद, पोट मोठं, वारा फिरत नाही. आतला माल, कीड आणि बुरशी मिळून प्राणवायू खातात आणि कार्बन डायऑक्साइड जड म्हणून तळाला बसतो. म्हणूनच पेव उघडलं की आधी बराच वेळ तसंच ठेवतात आणि मग कंदील सोडून बघतात. हवेत प्राणवायू 21 टक्के असतो. 16-17 वर ज्योत विझते, माणूस मात्र धापा टाकत तगतो. 10 च्या खाली शुद्ध हरपते, 6 च्या खाली काही मिनिटांत खेळ खलास. ओरडायलाही सवड मिळत नाही. वाचवायला घाईने उतरलेला दुसराही जातो, आणि खुन्याला हे ठाऊक असणार हे विसरू नका.

खून करायचा तर कंदिलाची दोरी आखूड करा. वरच्या थरात बाहेरची हवा आधी मिसळते, त्यामुळे कंदील आठ फुटांवर जळत राहतो आणि तळाशी मरण असतं.

पंचनामा
दोरीची कल्पना झकास आहे, पण एक अडचण. घटनास्थळाच्या पंचनाम्यात दोरीबरोबर पेवाची खोलीही लिहितात. दोन्ही आकडे शेजारी आले तर चौकस वाचक चौथ्या प्रकरणातच खुनी पकडेल, आणि खोली लपवलीत तर ती फसवणूक. तेव्हा मालकाच्या सांगण्यावरून खोली 'बारा हात' लिहा आणि दोरी '8 फूट'. दीड फुटाचा हात धरला तर बारा हात म्हणजे 18 फूट. हिशेब वाचकाला करू दे.

कागदपत्रं अशी चालतील: ठाण्यात खबर, अकस्मात मृत्यूची (ए.डी.) नोंद, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली चौकशी, पंचांसमोर इन्क्वेस्ट (प्रेताचा) पंचनामा, मग प्रेत सिव्हिलला. घुसमटीची खात्रीशीर खूण शरीरावर उरत नाही. व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून प्रयोगशाळेत गेला तरी त्यात विष निघणार नाही. म्हणजे डॉक्टर तुमचं रहस्य फोडू शकत नाही, ही तुमची जमेची बाजू. मात्र माणूस आधीच मारून मग पेवात टाकला असेल, तर मृतडाग खोटं बोलत नाहीत. रक्त खालच्या अंगाला उतरतं आणि साधारण सहा-आठ तासांनी तिथंच पक्कं होतं. प्रेत मुटकुळं होऊन पडलेलं आणि डाग सगळे सपाट पाठीवर, हे फौजदाराच्या लगेच डोळ्यांत भरेल.

संशय बळावला की सरकारतर्फे फिर्याद घेऊन खुनाचा गुन्हा, म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम 302, दाखल. नवे कायदे 1 जुलै 2024 पासूनचे, ते कादंबरीत शिरू देऊ नका.

चारभिंती (सातारा)
काका, 20,000 वर अडलात याचं कारण बहुधा असं की तुम्ही तपास लिहिताय आणि गुन्हा अजून लिहिलेला नाही. आधी खुन्याच्या बाजूने तो दिवस तासातासाने लिहून काढा. मग खतावणीसारखी वही आखा: डावीकडे खरं काय घडलं, उजवीकडे वाचकाला ते कधी आणि कुणाच्या तोंडून कळतं. डावी बाजू भरलेली आणि उजवी रिकामी असेल तो दुवा अजून पेरायचा आहे. उजवीकडे नोंद आणि डावीकडे काहीच नाही, तो योगायोग. काढून टाका.

60,000 शब्दांची कादंबरी धरली तर 40,000 च्या आत सगळे दुवे वाचकाच्या हातात पडलेले असावेत. दोरी यादीच्या मधोमध घाला: 'कंदील एक, सुंभाची दोरी 8 फूट, रिकामी पोती सहा, वहाणा एक जोड.' यादीतलं शेवटचं लक्षात राहतं, मधलं निसटतं.

1998 मध्ये खिशात मोबाईल क्वचितच, पण एसटीडी बूथची छापील पावती आहे. नंबर, वेळ, कालावधी, सगळं तिच्यावर. कुणी कुठे होता हे सिद्ध करायला यापेक्षा स्वस्त पुरावा नाही.

शिकायचं म्हणाल तर 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर न्यायवैद्यक आणि गुन्हेशास्त्राचे अभ्यासक्रम असतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं तरच परीक्षेचे पैसे. पण माझं मत विचाराल तर निकालपत्रं वाचा. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1984 चा निकाल पुण्यातल्याच प्रकरणाचा आहे. कथानकाची साखळी कुठे तुटते ते त्यावरून तपासता येतं.

विश्रामबागकर
मंडळी, लाख मोलाचं सांगितलंत. शेवटी खुनी फौजदारासमोर सगळं कबूल करतो असं योजलंय. चालेल?

पंचनामा
कोर्टात टिकणार नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा नाही (जुन्या पुरावा कायद्याचं कलम 25). वाट आहे ती कलम 27 ची: आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढं सांगणं चालतं. आरोपी पंचांसमोर सांगतो की दोरीचा तोडलेला तुकडा गोदामात लपवलाय, त्याचा निवेदन पंचनामा होतो, मग तो स्वतः जागा दाखवतो आणि दहा फूट सुंभ जप्त होतं. झिजून तुटलेल्या दोरीचे पदर मागेपुढे असतात, सुरीने कापलेले एका रेषेत. दोन्ही टोकं प्रयोगशाळेत जुळवून बघता येतात. फक्त तुकडे जागेवरच लाखेने सील करून पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावल्याचं दाखवा, नाहीतर बचावाचा वकील पहिलं तेच धरेल.