नवीन नेमबाजासाठी पहिलं रिव्हॉल्वर कोणतं घ्यावं?

लातूरकर: धाकटा भाऊ 22 वर्षांचा. दोन महिन्यांपासून क्लबच्या एअर पिस्तुलावर शिकायलाय. आता स्वतःचं हत्यार पाहिजे म्हणतो. ओळखीतले लोक सांगतात, कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 (नळीचं माप, इंचात) रिव्हॉल्वर घेऊन टाका. उजवा हात, पंजा लहान. शिकायला चालेल का?

दहा_मीटर: शिकायला .32 घेऊच नका, दादा. परवान्याचं नंतर बघू, आधी हत्याराचं बोलू. डबल अ‍ॅक्शनमध्ये एकाच ओढीत घोडा (काडतुसावर आपटणारी हातोडी) मागं जातो आणि गोळ्यांचं सिलिंडरही फिरतं, म्हणून ट्रिगर लांब आणि जड. लहान पंजाचं बोट पुरत नाही, मग अख्खा हात आवळला जातो आणि उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली-डावीकडे जाते. नळी आखूड, त्यामुळे माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) आणि मागची खाच जवळजवळ. केसभर चूक कागदावर मोठी दिसते. वर धक्का आणि आवाज. बार उडायच्या आधीच मनगट दाबायची खोड लागते, ती काढायला महिने जातात.

.177 एअर पिस्तूलच घ्या. छऱ्याची ताकद 20 जूलच्या आत असली तर परवाना लागत नाही. 10 मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं, स्पर्धेत ट्रिगर ओढायला किमान 500 ग्रॅमचा भार लागेल असा हवा. ग्रिप छोटी मागा. पारख अशी: डोळे मिटून हात उचलायचा, मग उघडायचे. माशी खाचेच्या मधोमध दिसली तर ग्रिप बसली. दर वेळी एकाच बाजूला सरकत असेल तर आधी ग्रिप फिरवून बघा, मनगट वाकवून जुळवू नका.

परभणी_नेमबाज: वरच्यांशी सहमत. जुनं पिस्तूल घेणार असाल तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. बहुतेक कंपन्या 10 वर्षांचीच मुदत देतात, ती संपलेलं सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत अडतं. 200 बार दाबापर्यंत हवा भरून रात्रभर ठेवा. सकाळी दाबमापक बरंच उतरलं असेल तर बहुधा ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) गेलेली (थंडीनं थोडं उतरतंच). भरायची ती कोरडी हवाच. ऑक्सिजन कधीही नको, आतल्या तेला-ग्रीसशी भडका उडतो. आणि आपल्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर असताना भरलेलं सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका, दाब वाढतो.

लातूरकर: म्हणजे रिव्हॉल्वर कधीच नको?

दहा_मीटर: पुढं 25 मीटरच्या स्पर्धेला जायचं असेल तेव्हा बघा. तेव्हा परवाना लागेलच: लातूरला जिल्हाधिकारी, संभाजीनगर शहरात पोलीस आयुक्त. घेताना हत्यार रिकामं असल्याची स्वतः खात्री करा, घोडा चढवा आणि सिलिंडर हलवून बघा. डगमगलं तर गोळीचा खाना नळीच्या रेषेत बसत नाही, गोळी घासून शिशाचे कण उडतात. दुसऱ्या हाताचा अंगठा सिलिंडर आणि नळीच्या फटीजवळ कधी नेऊ नका, तिथून बाजूला निघणारा तापलेला वायू कातडी सोलतो.