पुन्हा: पुन्हा: कोकण सहल, सूचनापत्रकातलं 7 नंबर आणि माईंचे व्याही

बंडू (सहल समिती):

मंडळी, आपल्या जर्मनीतल्या मराठी मंडळाच्या कोकण सहलीचं पत्रक आज रात्री जायला हवं. बाकी सगळं ठरलं, 7 नंबरवर, म्हणजे पोशाखाच्या सूचनेवर, अडलंय. जे परवाच्या बैठकीला नव्हते त्यांच्यासाठी: माईंचे जर्मन व्याही आणि विहीणबाई जानेवारीत येणार हे नक्की. त्यांनी विचारलंय की वेंगुर्ला ते रेडी चालताना ‘मोकळं’ चालायला कुठला टप्पा बरा पडेल. मोकळं म्हणजे तिकडे हार्झच्या डोंगरात ते दोघं चालतात तसं. बूट, टोपी, पाठीला सॅक, बस. अंगावर दुसरं काही नाही.

मी लिहिलं होतं, “संपूर्ण मार्गावर सभ्य पोशाख आवश्यक.” तात्या म्हणतात मोघम आहे. खजिनदार म्हणतात हा विषय पत्रकातच नको. मला एक वाक्य द्या कुणीतरी.

ता. क. पंच्यांचे पैसे हा विषय मागच्या सहलीत मिटलाय, पुन्हा काढू नये.

खजिनदार:

पत्रकात नकोच. ते ज्येष्ठांनाही जातं, भारतातल्या नातेवाइकांनाही पुढे जातं. उद्या पुण्याहून फोन येतील की तुमचं मंडळ नक्की करतं काय. माईंनी घरातल्या घरात सांगून टाकावं.

माई:

> घरातल्या घरात सांगून टाकावं

खजिनदार, तुमच्या मुलाचं लग्न व्हायचंय अजून, म्हणून बोलताय. व्याह्यांना कसं सांगायचं हो, की अंगात काहीतरी घाला? आमची अजून ‘भात वाढू का’च्या पुढे बोलणी गेलेली नाहीत. आणि माणसं फार सरळ आहेत. चोरटेपणा नाही, दाखवायची हौस नाही. चालताना कमरेच्या पट्ट्यात एक कापड खोचलेलं असतं. कुणी येताना दिसलं की लांबूनच ‘मॉर्गन’ म्हणतात, उताराच्या बाजूला सरकून वाट देतात. समोर लहान मुलं असली किंवा गाव आलं, की गुंडाळतात. विहीणबाई म्हणाल्या, घाईघाईनं झाकायला गेलं की उलट समोरच्याला वाटतं, हे काहीतरी भलतं करत होते. म्हणून आधी नमस्कार, मग कापड. विचार करून वागणारी माणसं आहेत, एवढंच मला नोंदवायचंय.

तात्या:

‘जर्मनीत सगळं चालतं’ हा समज आधी काढून टाका, मग वाक्य लिहा. हार्झचा तो मार्ग, दांकेरोडेपासून व्हिपराच्या धरणाकडचा, 2010 पासून आहे आणि त्यावर पाटी आहे: नागडी माणसं बघायची नसतील तर इथून पुढे येऊ नका. सगळी मेख त्या पाटीत आहे. समोरून येणारा आधीच तयार असतो. पाटी नसलेल्या वाटेवर कुणी तक्रार केली, तर ‘लोकांना उपद्रव’ म्हणून इथेही दंड होऊ शकतो.

स्वित्झर्लंडमध्ये बघा. आपेन्झेल इनररोडन प्रांतात 2009 च्या एप्रिलमध्ये लोकांनी भर चौकात हात वर करून बंदी आणली, 200 फ्रँक दंड. शेजारच्या हेरिसाऊपाशी त्याच वर्षी एक गृहस्थ तसेच चालत होते. वाटेत लहान मुलांना घेऊन बसलेलं कुटुंब लागलं, पुढे एक ख्रिस्ती व्यसनमुक्ती केंद्र. एका बाईंनी तक्रार केली. 100 फ्रँकचा दंड भरायचा सोडून गृहस्थ पार सगळ्यात वरच्या कोर्टापर्यंत गेले आणि 2011 मध्ये तिथेही हरले. ब्रिटनचा स्टीफन गॉफ तर अख्खा देश तसा चालला. इंग्लंडमध्ये नुसतं नागडं असणं गुन्हा नाही, समोरच्याला घाबरवण्याचा हेतू दाखवावा लागतो. स्कॉटलंडमध्ये त्याच माणसानं कितीतरी वर्षं तुरुंगात काढली. 2014 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानंही त्याचं गाऱ्हाणं फेटाळलं.

आता आपलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, कलम 296. सार्वजनिक जागी, इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य: तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पूर्वीच्या दंड संहितेतलं 294 ते हेच. त्या 294 खालीच 2020 मध्ये मिलिंद सोमणवर गोव्यात गुन्हा नोंदला होता, वाढदिवसाला किनाऱ्यावर तसा धावला आणि फोटो टाकला म्हणून. आपला शेवटचा मुक्काम रेडी. पुढे तेरेखोल लागलं की गोवाच. हजार रुपयांचं कुणाला काही नाही, पण पाहुण्यांच्या पासपोर्टवर पोलीस ठाण्याची भानगड कोण निस्तरणार? समिती?

डोंगरचालीच्या सूचना मंडळात आजवर मीच लिहीत आलोय, हेही जाता जाता.

कोल्हापूरकर:

तात्या, कायदा ठीक, पण आमच्याकडे कुंभोजच्या बाहुबलीला या. दिगंबर मुनींचा विहार भर रस्त्यानं चाललेला असतो, पुढेमागे बायकापोरं, एसटीतली माणसंसुद्धा हात जोडतात. कुणाला उपद्रव होत नाही. म्हणजे नागडेपणाचं वावडं आपल्याला नाहीच, उगाच बाऊ चाललाय.

खजिनदार:

> एसटीतली माणसंसुद्धा हात जोडतात

कोल्हापूरकर, मुनींनी घरदार सोडलेलं असतं. हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, दिवसातून एकदाच ओंजळीत आहार. माईंचे व्याही संध्याकाळी सोलकढी आणि सुरमई मागणार आहेत. हात कशाला जोडायचे?

कोल्हापूरकर:

सुरमईचा इथे काय संबंध?

शिरोडेकर:

सध्या मी घरीच आहे, शिरोड्यात, म्हणून लिहितो. कायदा झाला, धर्म झाला. वाटेवर भेटतं कोण, ते कुणी विचारलंच नाही.

नकाशात मोचेमाड ते आरवली किनारा रिकामा दिसतो. तो रिकामा कधीच नसतो. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात कासवमित्र घरटी शोधत वाळू पिंजतात. उजाडलं की रापण. जाळ्याच्या दोन्ही टोकांना दोर ओढणारी माणसं, जाळं वर आलं की पाट्या घेऊन बायका, कावळे, कुत्री, सगळा गाव. ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायका. वाकलेल्या असतात, लांबून कातळासारख्याच दिसतात आणि अगदी जवळ गेल्यावर उठून उभ्या राहतात. दुपारी सुरूच्या बनात गुरांमागचा कोणीतरी पडलेला असतोच.

तरी किनाऱ्यावर एक सोय आहे, माणूस लांबून दिसतो. कापड गुंडाळायला वेळ मिळतो. आपली निम्मी चाल मात्र पाखाडीची आहे. दोन्हीकडे दगडी गडगे, मध्ये जेमतेम दोन माणसं जातील एवढे चिरे आणि दर दहा पावलांवर वळण. वळणावर समोरून डोक्यावर गवताचा भारा घेतलेली आजी आली, की तिला मागे फिरता येत नाही आणि तुम्हाला बाजूला होता येत नाही. विहीणबाई म्हणतात तसं उताराकडे सरकायचं, तर तिथे गडगा आहे. ‘मॉर्गन’ म्हणून काय होणार?

आजी ओरडणार नाही. ती भाऱ्याखालून पायांकडे बघत पुढे जाईल. संध्याकाळपर्यंत तीन वाड्यांना कळेल आणि त्यात व्याह्यांचं नाव कुठेच नसेल. नाव असेल आपण ज्यांच्याकडे उतरतो त्या वहिनींचं. “तुमचे पावणे गो ते?” हे त्यांना बाजारात, देवळात, पोराच्या शाळेत ऐकावं लागणार. आपण तेव्हा फ्रँकफर्टला उतरून ट्रॉली शोधत असू. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ‘नाही’. कलम 296 नसतं तरी नाहीच म्हटलं असतं.

आणि आमच्या लोकांना उघड्या अंगाचं काही नाही, हेही कळू दे. आजोबा चिखलणीला लंगोटीवर नांगर धरायचे, रापणीवाले कमरेच्या रुमालावर. कुणी मान वळवून बघितलं नाही. पण बांधावरून परक्या घरची बाई येताना दिसली, की आजोबांच्या खांद्यावरचा पंचा न बोलता कमरेला यायचा. व्याह्यांना हे सांगितलंत तर पटेल बघा. कमरेच्या पट्ट्यात कापड तेही खोचतातच. आमचा आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावभर फिरतो, झिजतात म्हणून लोक त्याला एवढाल्या वहाणा आणून वाहतात. तोही धोतर नेसूनच फिरतो.

माई:

शिरोडेकर, आजोबांचं मी सांगीन. ते सांगता येईल. वहिनींचंही सांगीन, त्या दोघांना यजमानांचं फार असतं. कलम मात्र तात्यांनी सांगावं.

तात्या:

मी का? माझे व्याही आहेत का ते?

बंडू:

थांबा. 7 नंबर असं करतो: “किनारा, पाखाडी, खाडी, देऊळ आणि वस्ती, सगळीकडे कपड्यांत राहावं. पोहण्याचे कपडे फक्त पाण्यात. पाण्याबाहेर आलं की पंचा. कपड्यांविना चालण्यासाठी या मार्गावर कुठलाही टप्पा नाही.” शेवटचं वाक्य फक्त जर्मन प्रतीत जाईल, मराठी प्रतीत नाही. खजिनदार, चालेल?

खजिनदार:

चालेल. पण ‘पाण्याबाहेर आलं की पंचा’ म्हणजे पंचे मंडळ देणार असा अर्थ निघतो. मागच्या वेळी दिलेल्यांपैकी निम्मे परत आले नाहीत, कोणाकडे आहेत ते मला माहीत आहे. या वेळी ज्याचा त्यानं आणावा, नाहीतर शिरोड्याच्या बाजारात स्वतःच्या पैशानं घ्यावा.

कोल्हापूरकर:

माझ्याकडचा मी धुऊन ठेवलाय. मागायला कुणी आलंच नाही.

माई:

आत्ताच सूनबाईशी बोलले. ती म्हणाली, “आई, बाबांना मी सांगते, त्यात काय,” आणि तिथल्या तिथे फोन लावून दोन मिनिटांत सांगून मोकळी झाली. त्यांना काहीच वाटलं नाही म्हणे. एवढंच विचारलं, की रापण ओढायला पाहुण्यांना घेतात का.

शिरोडेकर:

घेतात. दोर धरला की वाट्याला मासळीही येते. हातमोजे आणा म्हणावं.

तात्या:

जर्मन प्रत पाठवण्याआधी मला दाखवा. मागच्या पत्रकात ‘भरती-ओहोटी’चं काय करून ठेवलं होतंत ते आठवतंय.

नवीन सभासद (म्युनिक):

नमस्कार, 7 नंबर झालं असेल तर 4 नंबर बघाल का? त्यात रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडतं असं आहे. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस झालंय. आणि उतरायचं कुठे, कुडाळ की सावंतवाडी?

शिरोडेकर:

सावंतवाडी. तुतारी एक्सप्रेसनं या, ती तिथेच संपते, झोप लागली तरी पुढे जायची भीती नाही.