शब्दचर्चा : 'सुक्वी' विद्यार्थ्यांना मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : सिल्ला राज्यातून (म्हणजे जुन्या कोरियातून) तांग राजवटीच्या चीनमध्ये शिकायला जाणाऱ्यांना 'सुक्वी हाक्सेंग' म्हणत. हाक्सेंग म्हणजे विद्यार्थी. 'सुक्वी' म्हणजे मात्र राजवाड्यात मुक्काम करून पहारा देणं! मी लेखात 'परदेशी विद्यार्थी' लिहिलं, पण त्यात पहारा गळतो.

– पहारा नावापुरताच. मांडलिक राजे आपले राजपुत्र सम्राटाच्या पहाऱ्याला पाठवत. सरळ सांगायचं तर ओलीस. त्याच वाटेने पुढे विद्यार्थी गेले आणि नाव चिकटलं. राहण्याजेवण्याचा खर्च तांग दरबाराचा, पुस्तकांचे पैसे सिल्लाचे, मुदत दहा वर्षं. 840 मध्ये मुदत भरलेले विद्यार्थी आणि ओलीस मिळून 105 जणांना एकदम घरी धाडलं होतं. दोघांची मोजणी एकाच यादीत, हे बघा.

– 'अंतेवासी' कसा वाटतो?

– शब्द गोड आहे, पण अंतेवासी गुरूजवळ राहतो. हे सम्राटाच्या दारात राहत. तांग दरबाराच्या नोकरीसाठी परदेशी उमेदवार जी परीक्षा देत, तिचं नावही 'बिनगोंग' : बिन म्हणजे पाहुणा, गोंग म्हणजे नजराणा. पोरगा पाहुणाही आणि नजराणाही!

– सिल्लाच्या च्वे चिवॉन या विद्वानाचं उदाहरण घ्या. 868 मध्ये बाराव्या वर्षी निघाला. 'दहा वर्षांत परीक्षा उतरला नाहीस तर माझा मुलगा म्हणवू नकोस,' असं बापाने बजावलं होतं. तो 874 मध्येच उतरला. चीनमध्ये नोकरी केली, तांगविरुद्ध उठलेल्या ह्वांग चाओच्या बंडाविरुद्ध त्याने लिहिलेलं पत्र गाजलं. 885 मध्ये परतला तर घरी जन्मावरून ठरणारी पायरी आडवी आली, सगळ्यात वरची पदं राजकुळाकडेच. 894 मध्ये राणीला सुधारणांची दहाएक कलमं दिली. तिने पदवी वाढवली, कलमं तशीच राहिली. शेवटी तो हेइन्सा मठाकडे गेला. असेच तांगमध्ये शिकलेले आणखी दोन च्वे विद्वान होते : त्यांतला सुंगू सिल्लाच्या विरोधी राज्यात गेला, तर ऑनवी पुढे सिल्लाची जागा घेणाऱ्या कोर्यो राज्याच्या चाकरीत.

– म्हणून 'परदेशी विद्यार्थी' नकोच. आज तो शब्द वाचला की व्हिसा आणि शिष्यवृत्ती आठवते.

प्रश्नकर्ता : 'दरबारी मुक्कामाचे विद्यार्थी' लिहितो, आणि कंसात पहिल्यांदा 'सुक्वी'. 'ओलीस' हा शब्द मात्र पुढच्याच वाक्यात आणतो.