एकाच टेबलाकडे जाणाऱ्या तीन फॉरेन की : जॉईन कसा लिहावा?

प्रश्न :
मुंबईच्या लोकलच्या पासांचा डेटाबेस मी सरावासाठी तयार करत आहे. ‘पास’ टेबलातील ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘मार्गे’ हे तिन्ही कॉलम ‘स्थानक’ टेबलाकडे जाणाऱ्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीचा संदर्भ देणारे कॉलम) आहेत. डोंबिवली ते अंधेरी, दादरमार्गे, असा पास नावांसह दाखवण्यासाठी मी स्थानक टेबल जॉईनने (दोन टेबलांच्या जुळणाऱ्या ओळी एकत्र आणून) एकदाच जोडून तिन्ही अटी ‘अँड’ने लिहिल्या, पण एकही ओळ मिळत नाही. असे का होते?

उत्तर १ :
आपल्या अटींचा अर्थ असा होतो, की आरंभ, शेवट आणि मधले ठिकाण ही तिन्ही एकच असलेले स्थानक शोधावे. असा पास कोण काढणार? स्थानक टेबल तीनदा जोडावे, दर वेळी वेगळे एलियस (तात्पुरते नाव) द्यावे आणि प्रत्येक ‘ऑन’मध्ये (जोडणीच्या अटीत) एकच फॉरेन की ठेवावी. निकालातील तिन्ही नावांनाही स्वतंत्र एलियस द्यावे.

उत्तर २ :
वरील उत्तरात एक भर घालतो. चर्चगेट ते विरार अशा पासात ‘मार्गे’ नल (रिकामे) असेल, तर इनर जॉईन, म्हणजे फक्त जुळणाऱ्या ओळी ठेवणारा साधा जॉईन, ती ओळच गाळून टाकतो. म्हणून त्या एका जोडणीसाठी लेफ्ट जॉईन वापरावा; तो जुळणारे स्थानक नसले तरी पासाची ओळ ठेवतो. मात्र पुढे ‘व्हेअर’मध्ये (जोडणीनंतर ओळी गाळणाऱ्या अटीत) मधल्या स्थानकाचे नाव ‘दादर’ असावे अशी अट घातली, तर नल असलेल्या ओळी पुन्हा गळतात. त्या हव्या असतील, तर अट ‘ऑन’मध्ये न्यावी.

उत्तर ३ :
पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस फॉरेन कीच्या कॉलमवर आपोआप इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) तयार करत नाही, मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे स्टोरेज इंजिन करते. नावे दाखवताना शोध स्थानकाच्या प्रायमरी कीवर (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख; तिच्यावर इंडेक्स असतोच) होत असल्याने फरक जाणवणार नाही. दादरमार्गे जाणारे सगळे पास शोधताना मात्र जाणवेल, कारण तेव्हा शोध ‘मार्गे’ या फॉरेन कीवर होतो.