गिअर लिव्हर सारखी ढिली होते, बोल्ट आवळूनही टिकत नाही – मदत हवी आहे

अर्धाक्लच
१५० सीसीची गाडी, टाच-पंजा दोन्हीकडून दाबायची गिअर लिव्हर. लिव्हर शाफ्टवर (इंजिनातून बाहेर येणारा, गिअर बदलणारा दांडा) खेळते, टोकाशी दीड-दोन सेंटिमीटर. १० च्या पान्याने बोल्ट आवळला की एक-दोन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. आता बोल्ट आणखी फिरतही नाही, तरी लिव्हर हलतेच. तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना कधी कधी पाय नुसता खाली जातो, गिअर पडत नाही. "वेल्डिंगचा एक टाका मारा, कटकट मिटेल" असा सल्ला मिळालाय. मारावा का? की लिव्हर बदलून भागेल? शाफ्टसाठी इंजिन उघडावे लागते हे खरे का?

दहाचा_पाना
टाका अजिबात नको, कारण पुढे सांगतो. आधी नक्की काय हलतेय ते बघा.

शाफ्टचे टोक आणि लिव्हरचा डोळा (शाफ्टवर बसतो तो गोल भाग) पुसून कोरडे करा. दोघांवरून आडवी जाईल अशी एक सरळ रेघ पांढऱ्या मार्करने ओढा. इंजिन बंद ठेवून लिव्हर हाताने हळू वरखाली करा.

रेघ मधोमध तुटली, म्हणजे लिव्हरची अर्धी रेघ सरकली आणि शाफ्टची जागच्या जागी राहिली, तर दोष दात्यांत (डोळ्याच्या आत आणि शाफ्टवर असलेले, एकमेकांत अडकणारे बारीक दात) किंवा बोल्टात आहे. रेघ अखंड राहून दोन्ही एकत्र थोडे हलले, तर तो आतला नेहमीचा खेळ आहे, सोडून द्या. रेघ अखंड आहे, पण लिव्हर दाबल्यावर मधल्या जागी परत न येता लोंबकळते, तर शाफ्टवरची रिटर्न स्प्रिंग तुटली आहे किंवा ती ज्या पिनला अडते ती पिन ढिली झाली आहे. ते काम इंजिनाच्या आतले, बाहेरून कितीही आवळा, उपयोग शून्य.

तुमच्या वर्णनात खरी खूण एकच आहे: बोल्ट आणखी फिरत नाही, तरी लिव्हर हलते. डोळ्याला एक फट असते. बोल्ट त्या फटीच्या दोन्ही कडा जवळ ओढतो आणि डोळा शाफ्टला आवळतो. आतले दाते झिजले की फट जास्त मिटते. कडा एकमेकींना टेकल्या की बोल्टाचा सगळा जोर त्या दाबण्यात जातो, शाफ्टपर्यंत काही पोहोचतच नाही. हाताला मात्र बोल्ट टाइट लागतो. माणूस फसतो तो इथेच, आणि मग आणखी जोर लावून आटे घालवतो.

उलटे_आटे
एक भर. लिव्हर थेट शाफ्टवर नसून मागे असेल आणि मध्ये दांडी असेल, तर दांडीच्या दोन टोकांचे गोळीचे सांधे आणि लिव्हर जिथे फिरते ते बुश आधी तपासा. तिथे एका टोकाचे आटे बहुधा उलटे असतात. लॉकनट निघत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. अर्धाक्लच यांची लिव्हर थेट शाफ्टवर आहे, तेव्हा त्यांना हे लागू नाही.

अर्धाक्लच
रेघ तुटते. फट पूर्ण बंद आहे. लिव्हर काढली: आतले दाते चपटे झालेत. शाफ्टचे दाते मुळाशी टोकदार आहेत, फक्त बाहेरच्या ३-४ मिमीवर गोल झालेत. शाफ्टला बोल्टासाठी आडवी खाच नाही.

दहाचा_पाना
मग स्वस्तात सुटलात. शाफ्टचे पोलाद सहसा लिव्हरपेक्षा कडक असते, म्हणून लिव्हर आधी मरते. फक्त बाहेरचा भाग झिजलाय याचा अर्थ लिव्हर आजवर अर्धवटच आत बसवलेली होती. खाच असलेल्या शाफ्टवर असे होत नाही, लिव्हर पूर्ण आत गेल्याशिवाय बोल्ट शिरतच नाही. खाच नसली की कुठेही आवळता येते, आणि चार मिमीवर काम भागवले जाते.

नवी लिव्हर आणि नवा बोल्ट घ्या. बोल्ट एम६, पिच १ मिमी, ८.८ ग्रेड, लांबी जुन्याइतकीच. लांब बोल्ट बंद भोकाच्या तळाला टेकतो आणि पुन्हा तीच फसवणूक होते. शाफ्टचे दाते तारेच्या ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, ग्रीस लावू नका. नव्या लिव्हरची फट चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने किंचित उघडा आणि लिव्हर सरळ आत ढकला. हातोडी नको.

कोन बसवतानाच ठरवा. शाफ्टला २४ दाते असतील तर एक दाता म्हणजे १५ अंश. १० सेंमी लांब लिव्हरच्या टोकाशी त्याने अडीच सेंमीपेक्षा जास्त फरक पडतो. म्हणून बुटात पाय घालून, पायठेवणीवर टाच टेकवून बघा, अनवाणी नको.

बोल्टाच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकचा (आटे आपोआप सुटू न देणारा गोंद) एक थेंब. बोल्ट किती आवळायचा (टॉर्क) याचा मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच, नाहीतर १० ते १२ न्यूटन-मीटर. टॉर्क पाना नसेल तर १० सेंमी लांब पान्याच्या टोकाला साधारण १० ते १२ किलोचा जोर, त्याहून जास्त नाही. आवळून झाल्यावर फटीत अंगठ्याचे नख शिरले पाहिजे. शिरत नसेल तर लिव्हर चुकीच्या मापाची आहे.

कानस
नवी लिव्हर मिळेपर्यंत: जुनी लिव्हर काढून हॅकसॉच्या पात्याने फट एकदा रुंदावा, साधारण १ मिमी. डोळ्याला पुन्हा आवळायला जागा मिळते. शाफ्टवर असताना कापू नका, दाते जातील. थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळूनही काम होते.

दहाचा_पाना
फट रुंदावणे मान्य, तेही एकदाच. पत्र्याला माझा विरोध. ॲल्युमिनियम मऊ असते, दर दाबाला चुरते, आणि लिव्हर हलायला लागली की ती शाफ्टचे उरलेले दाते खाते. घरापर्यंत पोहोचायला ठीक, रोजच्या वापराला नाही.

आणि टाक्याबद्दल: उष्णतेने शाफ्टचे ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) करपते. वेल्डिंगचा करंट बेअरिंगमधून गेला तर तिथे खड्डे पडतात, बॅटरी न काढता मारला तर इलेक्ट्रॉनिक्सही जाते. सगळ्यात मोठी अडचण पुढे येते. बहुतेक गाड्यांत शाफ्ट क्लचच्या बाजूने ओढून काढतात. डाव्या टोकाला लिव्हर जोडून टाकली की ती ग्राइंडरने कापल्याशिवाय शाफ्ट निघत नाही, पुढच्या स्प्रॉकेटचे (चेन फिरवणारे दातेरी चाक) कव्हरही अडते.

शाफ्ट बदलायचा झालाच तर ऑइल काढणे, क्लच कव्हर, क्लच, नवे पॅकिंग, नवे सील, एवढे सगळे आले. परत बसवताना रिटर्न स्प्रिंगचे दोन पाय पिनच्या दोन बाजूंना बसलेत ना, हे कव्हर लावण्याआधी बघायचे. नाहीतर सगळे पुन्हा उघडा.

अर्धाक्लच
नवी लिव्हर बसवली, नख शिरते, रेघ तुटत नाही. पण शाफ्टच्या मुळाशी तेलाचा ओलसर थर दिसतोय.

उलटे_आटे
ढिली लिव्हर शाफ्टला तिरकी ओढत असते, त्यात सील कंटाळते. बऱ्याच गाड्यांत हे सील स्प्रॉकेट कव्हर काढून बाहेरूनच बदलता येते. आधी पुसून १०० किमी चालवा. पुन्हा ओले दिसले तर सील बदला. त्यासाठी लिव्हर काढायच्या आधी मार्करची रेघ राहू द्या, कोन परत शोधावा लागणार नाही. नवे सील सरकवताना दात्यांवर एक वेढा सेलोटेप गुंडाळा आणि सीलच्या ओठाला इंजिन ऑइल लावा, नाहीतर दात्यांच्या धारेने ते बसवतानाच फाटते. बोल्ट त्याच १०० किमीनंतर एकदा तपासा. फिरला नाही तर हात लावू नका, थ्रेडलॉक उगाच तुटते.