मदत हवी आहे: ग्रामपंचायतीच्या खुलेपणाचा उपयोग झाला का, हे मोजायचं कसं?

आमच्या ग्रामपंचायतीने दोन वर्षांपूर्वी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधल्या, स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी फलकावर लावल्या. जमाखर्चही व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. याने काही बदललं का, हे २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मांडायचंय. आम्ही तिघेच आहोत, पैसे नाहीत.

ग्रामसभेची हजेरी काढली. पण गणपूर्तीसाठी (१५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते) सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात, त्यामुळे तो आकडा बाद. माहिती अधिकाराचे अर्ज कमी झालेत. पण ते माहिती आपोआप मिळते म्हणून, की लोक कंटाळले म्हणून? ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवरचा खर्च प्रत्यक्ष कामांशी ताडून पाहतोय. गटार झालं की नाही ते त्यातून कळतं, फलकामुळे झालं का ते नाही.

शेजारच्या गावाशी तुलना कृपया सुचवू नका, तिथलं दप्तर मिळत नाही. आधीची पाहणीही नाही; तेव्हा सुचलंच नाही.

गावकऱ्याच्या प्रश्नामुळे ठराव किंवा खर्च बदलला, हे इतिवृत्तातून शोधायचा प्रयोग कोणी केलाय का? ठरावाला कोणत्या नोंदी जोडून पाहिल्यात?