फिकी जीन्स करताना नेमकं काय वापरतात?

वालधुनीकाठ: मी उल्हासनगरची. शाळेत जाताना वालधुनी नदीत कधी निळं, कधी काळपट पाणी दिसायचं. जवळच जीन्स धुण्याचे कारखाने होते. आता मुलाला कॉलेजसाठी जीन्स हवीय, तीही मांडीवर पांढरट झालेली. ती तशी करताना काय वापरतात? कुणी आतून पाहिलंय का?

जुना वॉशिंगवाला: ताई, मी अकरा वर्षं याच कामात काढली. कोरी जीन्स ड्रममध्ये प्यूमिस या हलक्या, छिद्राळ दगडांबरोबर फिरवतात. दगड झिजतो, त्याचा गाळ निळ्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. मांडीवरचा पांढरा पट्टा पोटॅशियम परमँगनेट हे रसायन फवारून करतात. माझ्या नखांचा तपकिरी रंग आठवडाभर जायचा नाही. कापड फिकं करायला वाळूचा मारा, तो त्याहून वाईट. वाळूच्या धुळीनं होणाऱ्या सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजारानं कामगार दगावले, म्हणून तुर्कस्ताननं 2009 मध्ये त्यावर बंदी घातली. मुलाला गडद, कोरीच घेऊन द्या. जीन्सचा निळा रंग, इंडिगो, धाग्याच्या वरवर बसतो, वापरून ती आपसूक फिकी होते.

कापूसवाला, यवतमाळ: पाण्याचंही बघा. लिवाइस कंपनीच्या 2015 च्या हिशोबात त्यांच्या 501 या प्रकारच्या एका जीन्सला आयुष्यभरात सुमारे 3,781 लिटर पाणी लागतं, त्यातलं 68 टक्के कापसाला. आमच्याकडे मात्र कापूस बहुतेक पावसावरच. म्हणून हा आकडा सरसकट सगळ्या शेतांना लावू नका, एवढी विनंती.

वालधुनीकाठ: दादा, मुलाला वाचून दाखवलं. नखांचं ऐकून गप्प झाला. गडदच घेतोय. रंग सुटतो, तर धुवायची कशी?

जुना वॉशिंगवाला: उलटी करून, थंड पाण्यात, एकटीच. आणि दर वापरानंतर नको.